ताणावरचा आडू

(तळेगाव श्यामजी पंत. पंच्याऐंशी सालचा जानेवारी, सकाळची वेळ. वासुदेवरावांच्या घरामागची सांदवाडी. घरापुरती वांगी, मिरच्या, तुळशीचं वृंदावन, आणि मधोमध आडूचं एक झाड. त्याच्या बुंध्याभोवतीची माती उकरून मुळ्या उघड्या टाकल्या आहेत. वासुदेवराव उकिडवे बसून चिमटीतली माती निरखताहेत. त्यांची बायको रुख्माबाई सुपात तूर पाखडते आहे. विधवा सून नलू शेजारी उभी. नलूचा भाऊ रूपराव कालच्या गाडीनं आला आहे आणि आता पुढच्या ओट्यावर चहा पितो आहे. तो इथं काही बोलणार नाही. त्याला जे सांगायचं होतं ते त्यानं कालच बहिणीला सांगून टाकलं आहे.)

वासुदेवराव : माती वली कशी? मी विचारून राह्यलो, ही माती वली कशी?

रुख्माबाई : दव पडलं असंन.

वासुदेवराव : दव पडलं तं साऱ्या सांदवाडीत पडंन. वांग्याखालची माती पाह्य, कोरडी ठन. अन् आडूच्या मुयाजवयच दव? मले शिकवून राह्यली? अर्धी जिनगानी संत्र्यात गेली माही. माती चिमटीत धरली का सांगतो पानी कवाचं हाये. हे आज सकायचं हाये.

रुख्माबाई : मंग कुत्रं मुतलं असंन.

वासुदेवराव : नलू.

नलू : जी, मामाजी.

वासुदेवराव : तू टाकलं?

नलू : हो. मीच टाकलं. एक गडवा.

वासुदेवराव : अवं पोरी! थोडेसे दिवस राह्यले होते. मंग मीच मुया झाकनार होतो, शेनखत टाकनार होतो, पोटभर पानी पाजनार होतो. किती खेपा सांगतलं तुले? पानी तोडलं, मुया उघड्या टाकल्या, का झाड भेते. त्याले वाटते, आता आपलं काई खरं नाई. मंग थे फुलावर येते. आष्टी-आर्वीकडचा सारा संत्रा असाच फुलते. ताणावरच्या झाडाले मंधातच पानी दाखवलं का खेल खतम. नुसता पाला फेकते थे.

नलू : माईत आहे मले.

वासुदेवराव : मंग काऊन टाकलं?

नलू : तहानलेलं दिसलं.

वासुदेवराव : तहानेलं दिसावं म्हनूनच तं पानी तोडलं न!

रुख्माबाई : लक्ष्मण बी हेच म्हने.

वासुदेवराव : काय म्हने?

रुख्माबाई : विसरले? शायेत जाय तवा. बगिच्यातल्या ताणावरच्या संत्र्यायले लपून लपून पानी टाके. बाबा, झाडायले तहान लागली, म्हने. तुमी बोरीच्या काडीनं फोडलं होतं त्याले. रातभर पाठीले हयद लावत बसली होती मी.

वासुदेवराव : थे लेकरू होतं. ही काय लेकरू हाये? नलू, इकडं पाह्य. कोनाचं झाड हाये हे?

नलू : तुमाले माईत आहे.

वासुदेवराव : नाव घे.

नलू : मी नाव नाई घेत, मामाजी.

रुख्माबाई : सकाय सकाय तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव कायले काढवता? लगनात उखान्यात घेतलं तेवढंच. मांगून कवा घेतलं तिनं? मी घेतो. लक्ष्मणचं हाये. माह्या पोराचं हाये. झालं समाधान?

वासुदेवराव : लक्ष्मणचं हाये न? फौजेतून सुट्टीवर आलता, तवा तुपाच्या डब्यात लावून आनलं. एवढंसं होतं, वीतभर. पहाडातून इथलोक गाड्या बदलत आला, पन डबा मांडीवरून खाली नाई ठेवला. साहेब लोक पीच म्हनते त्या फयाले. आपल्या गावात कोनाच्या बापानं नाई पाह्यलं थे.

नलू : मी बी नाई पाह्यलं. अंगावर लव असते म्हणत होते. वासराच्या कानावर असते तशी. तिसऱ्या वर्षी तुले घरचा आडू खाऊ घालतो म्हणत होते.

वासुदेवराव : अन् हे लावलं त्याच सालच्या पावसायात पहाडाचा रस्ता खचला, अन् त्यायचा टरक... जाऊ दे. पोरगा गेला, हे झाड तेवढं राह्यलं. अन् त्याच्या जिवाशी तू असा खेल मांडला. तोही दुसऱ्या खेपी.

नलू : पहिल्या खेपेची चूक मी लपवली नाई. तुमच्याजवळ येऊन सांगतली होती. पाय धरले होते तुमचे.

वासुदेवराव : मंग मी वाईट वंगाय बोललो का तुले? सांग तुया सासूसमोर. एक तरी शब्द बोललो?

नलू : नाई बोलले. एकदा ताण मोडला का झाड दोन साल बिघडते, एवढंच म्हणाले. म्हणून मांगच्या वर्षी मी थेंबभर पाणी दाखवलं नाई त्याले. फांद्या वाळल्या, साल सुरकुतली. मी इकडून जाताना डोळे मिटून जात होती. तरी फूल नाई आलं.

वासुदेवराव : कसं येईन? आंधीचा ताण मोडेल होता न.

नलू : हो. असंच म्हणाले होते तुमी.

वासुदेवराव : अन् आता यंदा. मी शब्द देल्लेला मानूस हावो, नलू. तुहा भाऊ जाम गावच्या मास्तरचं स्थळ घेऊन आला होता, आठोते का? दुसरा सासरा असता तं त्याले ओट्यावरूनच वापस धाडला असता. विधवा सुनेच्या दुसऱ्या लगनाची, पाटाची गोठ माह्या घरात काढतं का रे, म्हनून. मी काय म्हनलो? चार मानसायसमोर म्हनलो का आपल्यात पाट लागते, लागू द्या. पोरगी जवान हाये. माही लेक समजून लुगडं-चोयी करून धाडतो. फकत लक्ष्मणच्या झाडाचं पह्यलं फय त्याच्या फोटोसमोर ठेवू द्या, मंग खुशाल न्या. जास्त मांगतलं का मी?

रुख्माबाई : नाई. कमीच मांगतलं. साऱ्या गावानं वाहवा केली. अजून करते. दयनाच्या चक्कीवर बी बाया म्हनते, वासुदेवरावसारखा सासरा भेटाले नशीब लागते.

वासुदेवराव : मंग? हे झाड आता दोन साल धरत नाई. माह्या हातात काय हाये? मी जाऊन सांगतो रूपरावले, का बाप्पा, चूक तुया बहिनीची हाये, पन मी शब्दाले पक्का हावो. मास्तरले म्हना, अजून थांब. थांबंन थो. एक लेकरू घेऊन बसला हाये, गरीब मानूस हाये.

नलू : दादाले काई सांगू नका, मामाजी.

वासुदेवराव : काऊन नाई? त्याले समजलं पायजे.

रुख्माबाई : खाली बसा.

वासुदेवराव : अवं, थो पाहुना चहा पिऊन गाडीवर जाईन.

रुख्माबाई : बसा म्हनते न. मले एक गोठ सांगा. बरफ काऊन आनत होते तुमी?

वासुदेवराव : कोनता बरफ?

रुख्माबाई : कोनता काय? सडकेवरच्या सरबतवाल्याकडून आनत होते थो. भुशात गुंडायून, पोत्यात घालून, सायकलवर. मांगच्या पुसात रोज संध्याकाई या मुयाशी टाकत होते. संत्र्याले कोन बरफ टाकते?

वासुदेवराव : जमिनीत गरमी असते. मुयाले थंडक.

नलू : मले बी तेच सांगतलं होतं. जमिनीची उष्णता मारतो, म्हणाले.

रुख्माबाई : नलू, लक्ष्मणची पेटी घेऊन त्याच्या पलटनीतला थो पहाडी पोरगा आलता, आठोते तुले?

नलू : आला होता एवढं आठवते. मी कोपऱ्यात बसली होती तवा. बाहेर नव्हती येत.

रुख्माबाई : तेराव्याच्या मांगून आलता. वसरीत जेवला. हात धुवाले इकडं आला, अन् हे झाड पाह्यलं. पाह्यलं न् रडाले लागला. मंग यायले म्हने...

वासुदेवराव : रुख्मा.

रुख्माबाई : मंग म्हने, बाबूजी, लछमन को मैंने तभी बोला था, मत ले जा. ये वहाँ फलेगा नहीं. इसको जाड़ा माँगता है, बरफ माँगता है. सारा जाड़ा ठिठुरता है तब फूल देता है. तुम्हारे यहाँ पत्ता देगा, छाँव देगा, फल नहीं देगा.

वासुदेवराव : तू ऐकत होती?

रुख्माबाई : त्याच्या हातावर पानी कोन टाकून राह्यलं होतं? गडवा माह्याच हातात होता.

नलू : कवाची गोष्ट म्हणता ही?

रुख्माबाई : लक्ष्मण गेला त्याच सालची.

नलू : म्हणजे मास्तरांचं निघालं त्याच्या आधीची.

रुख्माबाई : आंधीची, माय. लय आंधीची.

नलू : मग मी पाणी टाकलं नसतं तरी?

रुख्माबाई : तरी नाई.

नलू : पहिल्या वर्षी बी?

रुख्माबाई : कवाच नाई.

नलू : आत्याबाई, तुमी थांबा. मामाजी, तुमी सांगा मले. तुमच्या तोंडून सांगा.

वासुदेवराव : पहाडी पोरगं होतं थे. वीस-बावीस वर्षाचं. त्याले काय कयते? मुरमाड माळावर संत्रा होत नाई म्हनत होते लोकं, मी करून दाखवला. मले वाटलं, हे बी...

नलू : मामाजी.

वासुदेवराव : नाई आलं असतं.

नलू : मग मी पाय धरले तवा?

वासुदेवराव : तवा मी तुले उठवलं.

नलू : उठवलं. डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, रडू नोको, होते चूक मानसाच्या हातून. मी किती दिवस तो हात डोक्यावर घेऊन हिंडली. वाटे, एवढा मोठा मनाचा मानूस. आपण याच्या पोराचं झाड बिघडवलं, अन् हा एक शब्द बोलत नाई. मांगच्या वर्षी ते झाड माझ्या डोळ्यांसमोर वाळत होतं, अन् मी पाणी नाई पाजलं. मले वाटे, हे माझं प्रायश्चित्त आहे.

रुख्माबाई : ऐका. ऐका आता.

वासुदेवराव : तू काऊन नाई बोलली मंग? एवढं ऐकलं होतं तं तवाच बोलाचं होतं. चार मानसं बसेल होते, तवा सांगाचं होतं, का माहा नवरा खोटा हाये.

रुख्माबाई : नाई बोलली. मी बी तेवढीच पापी हावो, मी कोठी नाई म्हनते? मले बी वाटलं, राहू दे. एवढं मोठं घर, कोन हाये यात? ही गेली तं संध्याकाई मले कोन म्हनंन का आत्याबाई, चला, दोन घास खा. पोरगा गेला तवा मी हिच्याच कुशीत निजत होती. हिच्या अंगाले लक्ष्मणचा वास येते असं वाटे मले. म्हनून गप्प बसली. आज बी बसली असती. पन तुमी अजून दोन साल म्हनले. अन् वरून तिलेच चुकीची ठरवून राह्यले. थे नाई पाहावलं मले.

वासुदेवराव : मी तिचं वाईट चिंतलं नाई.

रुख्माबाई : बरफ कायले टाकला सांगा. तिले धाडाले का ठेवाले?

वासुदेवराव : मले नाई माईत.

रुख्माबाई : असं कसं नाई माईत?

वासुदेवराव : नाई माईत म्हनतो न! पह्यले वाटलं, फूल येत नाई तं चांगलंच हाये, घरची पोरगी घरात राहीन. ती दारातून आवाज देते, मामाजी, जेवाले चला. तवा मले घडीभर वाटते, लक्ष्मण नुसता नौकरीवर गेला हाये, सुट्टी भेटली का येईन. ती गेली म्हनजे थो मेला. मंग मांगच्या साली हिचं तोंड पाहावे नाई मले. वायलेली ही, वायलेलं झाड. तवा बरफ आनला. म्हटलं, येऊ दे एक फूल. येऊन जाऊ दे. लोकं हासत होते सडकेवर, का म्हातारा झाडाले सरबत पाजते. हासू देल्लं. आता अजून काय सांगू?

नलू : काई नका सांगू.

वासुदेवराव : नलू. पोरी. जा तू. मी शब्द मांगं घेतो. फय नोको, काई नोको. मी आत्ता ओट्यावर जातो अन् रूपरावच्या पाया पडतो. म्हनतो, तुई बहीन ने, येत्या पाडव्याले पाट लाव. जामले मी स्वता येईन. मास्तरच्या पोरीले मी कपडे घेईन. माहं तोंड कायं झालं तं होऊ दे चार मानसायत.

नलू : दादा मले न्यायले नाई आला, मामाजी.

वासुदेवराव : मंग कायले आला?

नलू : मास्तरांचं लगन झालं हे सांगाले आला. तुळशीच्या लगनानंतर लगेच झालं. हिंगणघाटकडची आहे. मास्तरांनी दादाले बोलावून सांगतलं, का मी लय थांबलो, पोरीले आई पायजे, किती थांबू? नलूबाईले म्हना, राग नका मानू. दादा महिनाभर यायची हिंमत करून राह्यला होता.

रुख्माबाई : अवं माय माय माय!

वासुदेवराव : झालं? लगन झालं?

नलू : झालं. म्हणून आज सकाळी पाणी टाकलं. आता कायच्यासाठी तहानलेलं ठेवायचं त्याले?

रुख्माबाई : मले काल रातीच सांगाचं होतं, नलू. जेवली बी नाई तू, मले वाटलं डोकं दुखते.

नलू : काय सांगू? माझंच चुकलं असं वाटत होतं काल. पहिल्या वर्षी तो एक गडवा टाकला नसता, तं आता मी जामले असती, असं वाटत होतं. रातभर तेच. आज तुमी बोलले तवा समजलं.

रुख्माबाई : थो फराक...

नलू : तुमाले माईत होतं?

रुख्माबाई : पेटीत खाली ठेवत होती तू. मांगच्या साली उसवून मोठा केला, यंदा अजून मोठा केला. निया कपडा, खाली पांढरी पट्टी. मास्तरच्या पोरीसाठी हाये हे काय मले समजत नाई? मी पाहून घेत होती अन् पेटी लावून घेत होती.

नलू : एकदाच पाह्यलं होतं तिले. दादाच्या घरी आणली होती. माझ्या पदराले धरून झोपली. आता खांद्यापर्यंत आली असंन. राहू द्या तो फराक. चुलीवरचं भांडं धरायले होईल.

वासुदेवराव : मी जातो मास्तरकडं.

नलू : काय करायले?

वासुदेवराव : जातो. सांगतो त्याले, का चूक माही...

रुख्माबाई : अन् त्या नव्या पोरीचं काय करता? तिलेही उपटून लावता? आता तरी कोनाचे मुयं उकरू नोका. बसा.

नलू : मी दादासंग जातो, आत्याबाई. सामान बांधलं आहे.

रुख्माबाई : कोठी, सावंगीले? तथी तुई भावजय हाये. तिचं तोंड माईत हाये न तुले? अन् आता परत कोन विचारंन, माय? इथं तुया हक्काचं घर हाये.

नलू : माईत आहे तिचं तोंड. ऐकून घेईन. धुणं-भांडे करीन, वावरात जाईन. पण ती जे बोलंन ते खरं बोलंन. नकोशी असली तं नकोशी म्हणंन. डोक्यावर हात नाई ठेवणार.

वासुदेवराव : एक दिवस थांब. मले... एक दिवस.

नलू : नाई, मामाजी.

वासुदेवराव : माह्या पाया नोको पडू जाताना.

नलू : नाई पडत.

रुख्माबाई : माह्या तरी पड, नलू. नाई तं नोको पडू. नुसती जवय ये जरा.

नलू : आली. रडू नका. तुमच्या गोळ्या भिंतीतल्या देवळीत आहे, दुधासंग घेजा. दुपारी विसरता तुमी. अन् तूर पाखडू नका दिवसभर, खोकला येते.

वासुदेवराव : अन् हे झाड? तू गेल्यावर मी याचं काय करू? तोडू का?

नलू : नका तोडू. त्यानं काय केलं? सावली देते, देऊ द्या. मुळ्या झाकून टाका आजच. अन् पाणी पाजा. लक्ष्मणचं झाड आहे.

रुख्माबाई : नलू...

नलू : दादा वाट पाहून राह्यला, आत्याबाई. गाडीची वेळ झाली.

वासुदेवराव : गडवा कोठी हाये थो?

नलू : तुळशीच्या मांगं. दुसरा भरूनच ठेवला होता.